नगर, संस्था आणि उंबरठा : फिलाडेल्फियाविषयीच्या तीन ग्रंथांचा विचार

१

ऐतिहासिक नगराचे वर्णन करू लागलेल्या लेखकाची दृष्टी प्रथम वास्तूंकडे वळते, आणि फिलाडेल्फियासारख्या नगराच्या बाबतीत ती तेथेच खिळून राहण्याचा संभव अधिक असतो. विल्यम पेनने १६८२ साली डेलावेअर व स्कूलकिल ह्या दोन नद्यांच्या मध्ये वसविलेले हे नगर. परस्परांना काटकोनात छेदणारे रस्ते व त्यांच्यामध्ये राखलेले पाच चौक ही त्याची मूळ आखणी आजही ओळखू येते. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ साली संविधान जेथे सिद्ध झाले ते इंडिपेंडन्स हॉल, तडा गेलेली लिबर्टी बेल, सिटी हॉलच्या माथ्यावर उभा असलेला पेनचा भव्य पुतळा ही त्याची जगविख्यात स्थळे होत. १७९० ते १८०० ह्या दशकात अमेरिकेची राजधानीही येथेच होती. मार्गदर्शिकांना एवढी सामग्री पुरेशी आहे.

तथापि ह्या नगराच्या निमित्ताने लिहिल्या गेलेल्या महत्त्वाच्या ग्रंथांकडे वळले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र, पंडिता रमाबाईंचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा १८८९ साली प्रसिद्ध झालेला मराठी ग्रंथ, आणि डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसचा १८९९ सालचा ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ हे तीन ग्रंथ काळ, भाषा व वाङ्मयप्रकार ह्या तिन्ही दृष्टींनी परस्परांपासून दूर आहेत. पहिले आत्मचरित्र आहे, दुसरा लोकस्थितीचे निरूपण करणारा प्रवासग्रंथ आहे, तर तिसरे समाजशास्त्रीय संशोधन आहे. असे असूनही ह्या तिघांचे लक्ष वास्तूंपेक्षा संस्थांवर केंद्रित झालेले आहे. माणसे एकत्र कशी येतात, वर्गणी कशी गोळा होते, नियम कोण करतो, आत कोणास घेतले जाते आणि बाहेर कोण राहतो, हेच प्रश्न तिन्ही ग्रंथांत पुनःपुन्हा उपस्थित होतात.

प्रस्तुत निबंधात ह्या तीन ग्रंथांचा एकत्र विचार योजिला आहे. ह्या तिन्ही ग्रंथांत संस्था हीच नगराची खरी वास्तू ठरते आणि तिच्या उंबरठ्याच्या संदर्भात लेखक कोठे उभा आहे ह्यावर त्याच्या लेखनाचे रूप अवलंबून राहते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. फ्रँकलिन हा संस्थेचा संस्थापक, रमाबाई पाहुण्या, आणि ड्यू बॉइस आत बोलावला जाऊनही बाहेर ठेवला गेलेला. ह्या तीन भूमिकांतून एकाच नगराची तीन रूपे कशी निर्माण झाली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

फ्रँकलिनच्या आत्मचरित्राविषयी एक साधी गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. ती अशी की, ज्या घटनेमुळे फिलाडेल्फिया जगाच्या इतिहासात अमर झाले त्या घटनेला ह्या ग्रंथात स्थानच नाही. आत्मचरित्राचे चार भाग १७७१ ते १७९० ह्या काळात निरनिराळ्या ठिकाणी लिहिले गेले, आणि कथन १७५७ च्या सुमारास, फ्रँकलिन प्रांताचा प्रतिनिधी म्हणून इंग्लंडला पोहोचतो त्या सुमारास, खंडित होते. १७७६ पर्यंत ते पोहोचतच नाही. पुढे इंडिपेंडन्स हॉल म्हणून ख्यात झालेली इमारत त्या काळी प्रांताचे स्टेट हाउस होती. तेथे भरणाऱ्या विधिमंडळाचा फ्रँकलिन १७३६ पासून लेखनिक होता. आणि त्या कामाविषयी तो सांगतो काय, तर सभासदांच्या वादांचा इतका कंटाळा येई की, मनोरंजनासाठी आपण आकड्यांचे जादूचे चौरस मांडीत बसत असू. राष्ट्राचे तीर्थक्षेत्र होऊन बसलेल्या वास्तूचे आत्मचरित्रातील स्थान हे एवढेच.

ह्याच्या उलट, संस्थांच्या स्थापनेचे वृत्तान्त तो किती प्रेमाने सांगतो! १७२७ ची ‘जंटो’ ही चर्चामंडळी, १७३१ ची वर्गणीदारांची ग्रंथालय-कंपनी, १७३६ ची अग्निशामक मंडळी, १७४९ च्या प्रस्तावातून उभी राहिलेली अकादमी, १७५१ चे रुग्णालय, आणि ह्यांच्या जोडीला रस्त्यांची फरसबंदी, झाडलोट, दिवाबत्ती. रस्त्यावरील दिव्यांच्या गोल काचा धुराने काळवंडतात म्हणून चार सपाट तावदानांचे दिवे करावेत, वर धूर निघून जाण्यास नळी ठेवावी व खाली हवा येण्यास जागा ठेवावी, म्हणजे काच स्वच्छ राहते आणि फुटली तरी एकच तावदान बदलावे लागते, हे तो सविस्तर समजावून देतो. असल्या क्षुद्र गोष्टी सांगाव्यात काय, ह्या शंकेचे उत्तरही त्याच्यापाशी तयार आहे. मनुष्याचे सुख क्वचित लाभणाऱ्या मोठ्या भाग्यापेक्षा रोजच्या लहान सोयींनीच अधिक सिद्ध होते, अशी त्याची धारणा होती.

ह्या वृत्तान्तांची घडण बारकाईने पाहिली तर ती एखाद्या कृतीच्या वर्णनासारखी आहे. प्रथम एखादी उणीव दाखवावयाची. मग आपले नाव पुढे न करता ‘काही मित्रांची योजना’ म्हणून ती लोकांपुढे मांडावयाची. नंतर वर्गणीची यादी फिरवावयाची. आणि शेवटी यश आल्यावर श्रेय आपोआप आपणाकडे येईल अशी वाट पाहावयाची. ग्रंथालयासाठी आरंभी पन्नास वर्गणीदार मिळविले गेले. प्रत्येकाने प्रारंभी चाळीस शिलिंग व पुढे पन्नास वर्षे दरसाल दहा शिलिंग द्यावेत, अशी योजना होती. रुग्णालयाची मूळ कल्पना डॉक्टर टॉमस बाँड ह्याची, हे फ्रँकलिन मोकळेपणाने सांगतो. परंतु पैसा उभारण्याची युक्ती त्याची स्वतःची. नागरिकांनी दोन हजार पौंड जमविले तर विधिमंडळाने आणखी दोन हजार द्यावेत, असे सशर्त विधेयक त्याने संमत करून घेतले. ही शर्त पुरी होणारच नाही अशा समजुतीने विरोधकांनी मत दिले, आणि आपली प्रत्येकी देणगी दुप्पट होणार म्हणून नागरिकांनी हात सैल केला. ह्या चातुर्याची आपणास कधी टोचणी लागली नाही, हे तो ज्या मिस्किलपणे नमूद करतो त्यात त्याच्या शैलीचे सर्व मर्म आहे. येथे ‘मी’ लपतो तो विनयामुळे नव्हे, तर लपणे हा कार्यसिद्धीचा उपाय आहे म्हणून.

परंतु ह्याच वृत्तान्तांत उंबरठ्याची जाणीवही दडलेली आहे. सतरा वर्षांचा फ्रँकलिन १७२३ साली बॉस्टनहून पळून आला तेव्हा मार्केट स्ट्रीटवर पाव खात हिंडल्यानंतर तो लोकांच्या मागोमाग क्वेकर पंथीयांच्या सभागृहात शिरला. तेथील शांततेत त्याला झोप लागली आणि सभा संपल्यावर कोणीतरी त्याला ममतेने जागे केले. ह्या नगरात आपण प्रथम प्रवेश केला व झोपलो ते घर हेच, असे तो सांगतो. नगराशी त्याची पहिली ओळख अशी झाली की, दार उघडे होते आणि कोणी काही विचारले नाही. पुढे व्हाइटफील्ड ह्या धर्मोपदेशकासाठी नागरिकांनी जे मोठे सभागृह उभारले, ते कोणत्याही पंथाच्या उपदेशकास खुले असावे, इस्लामचा प्रचारक आला तरी त्याला व्यासपीठ मिळावे, असे फ्रँकलिनने गौरवाने नोंदविले आहे. अकादमीलाही पुढे ह्याच सभागृहात घर मिळाले.

तथापि त्याच्या स्वतःच्या मंडळ्या मात्र मोजक्या होत्या. जंटोचे सभासद बारापेक्षा अधिक नसावेत, हा नियम. मित्रांना आत घेण्याची मागणी झाली तेव्हा प्रत्येक सभासदाने स्वतंत्र उपमंडळी काढावी, असा तोडगा निघाला. अग्निशामक मंडळीतही तीस जण झाल्यावर उत्सुकांना ‘तुम्ही दुसरी मंडळी काढा’ असे सांगण्यात आले, आणि त्यामुळे नगरात एकामागून एक मंडळ्या निर्माण झाल्या. फ्रँकलिनच्या दृष्टीने बंद दार ही अडचण नव्हेच. बाहेर राहिलेल्याने आपले दार स्वतः उभारावे, एवढेच. जो स्वतंत्र आहे, ज्याच्यापाशी चाळीस शिलिंग आहेत आणि ज्याचा शब्द मानला जातो, त्याच्यापुरते हे उत्तर पुरेसे आहे. इतरांचे काय, हा प्रश्न आत्मचरित्र विचारीत नाही. फिलाडेल्फियाकडे पळून येताना वाटेतल्या खाणावळीत आपण पळालेला नोकर असल्याचा लोकांस संशय आला, ही गोष्ट फ्रँकलिन गमतीने सांगतो. परंतु पुढे त्याच्याच ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये गुलामांच्या विक्रीच्या व पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती छापल्या जात, ह्या वस्तुस्थितीचा उच्चार कथनात येत नाही. त्याच्या घरीही गुलाम होते. आयुष्याच्या अखेरीस, १७८७ साली, तो गुलामगिरीविरोधी मंडळाचा अध्यक्ष झाला आणि मृत्यूपूर्वी काही आठवडे, फेब्रुवारी १७९० मध्ये, काँग्रेसला सादर झालेल्या अर्जावर त्याने सही केली, हे त्याच्या चरित्रात आहे, आत्मचरित्रात नाही.

३

‘तुम्ही दुसरी मंडळी काढा’ हे सांगणे अक्षरशः अमलात आणले ते मात्र फ्रँकलिनच्या मनात कदाचित नसलेल्या माणसांनी. १७८७ साली रिचर्ड अ‍ॅलन व अ‍ॅब्सालम जोन्स ह्या कृष्णवर्णीय नेत्यांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. सभासदांनी दरमहा एक शिलिंग द्यावा व त्यातून आजारी माणसे, विधवा आणि पोरकी मुले ह्यांना साहाय्य करावे, असा तिचा नियम होता. पद्धती ग्रंथालयाचीच, गरज मात्र निराळी. सेंट जॉर्ज ह्या मेथडिस्ट प्रार्थनामंदिरात कृष्णवर्णीयांना प्रार्थना चालू असता गुडघ्यांवरून उठविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा अ‍ॅलन, जोन्स व त्यांचे सहकारी तेथून निघून गेले. १७९४ साली जोन्सचे सेंट टॉमस व अ‍ॅलनचे बेथेल ही दोन स्वतंत्र प्रार्थनामंदिरे उभी राहिली आणि १८१६ साली बेथेलमधून एका स्वतंत्र धर्मसंघाचा उदय झाला.

१७९३ च्या पीतज्वराच्या साथीत नगराची सुमारे एक दशांश वस्ती मृत्युमुखी पडली. त्या वेळी रोग्यांची शुश्रूषा व मृतांची व्यवस्था कृष्णवर्णीय स्वयंसेवकांनी केली. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी ह्या प्रकाशकाच्या वृत्तान्तात त्यांच्यापैकी काहींवर लुबाडणुकीचा आरोप झाला. त्याला जोन्स व अ‍ॅलन ह्यांनी १७९४ साली छापील पुस्तिकेने उत्तर दिले. केलेल्या कामाचा, मिळालेल्या व पदरच्या खर्च झालेल्या पैशांचा हिशेब त्यांनी लोकांपुढे ठेवला. फ्रँकलिनच्या गद्यात हिशेब हे प्रगतीचे साधन आहे. येथे तोच हिशेब स्वतःची प्रतिष्ठा राखण्याचे साधन झाला आहे. शतकानंतर ड्यू बॉइस जो मार्ग चोखाळणार होता त्याचा आरंभ ह्या लहान पुस्तिकेत शोधता येतो.

नगराच्या संस्थाजीवनातील ह्या अंतर्विरोधाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गिरार्ड कॉलेज. स्टीफन गिरार्ड हा धनाढ्य व्यापारी १८३१ साली वारला. त्याने आपल्या संपत्तीचा मोठा भाग पोरक्या मुलांच्या शाळेसाठी ठेवला; परंतु ती मुले गरीब, गोरी व मुलगेच असावीत, अशी मृत्युपत्रात अट घातली, आणि सभोवार उंच भिंत बांधण्याचेही सांगून ठेवले. १८४८ साली शाळा उघडली. ती भिंत ओलांडून पहिली कृष्णवर्णीय मुले आत गेली ती १९६८ साली, दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर व भिंतीबाहेरील निदर्शनांनंतर. मुलींना १९८४ पर्यंत थांबावे लागले. औदार्य व बहिष्कार हे दोन्ही एकाच दस्तऐवजात इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच आढळतील.

लिबर्टी बेलचा इतिहासही हेच सांगतो. ही घंटा १७५१ साली स्टेट हाउससाठी मागविण्यात आली. ‘लिबर्टी बेल’ हे तिचे नाव मात्र १८३० नंतरच्या दशकात गुलामगिरीविरोधी मंडळ्यांनी रूढ केले. म्हणजे आज राष्ट्रीय म्हणून मिरविणाऱ्या ह्या वस्तूला तिचा अर्थ मिळाला तो उंबरठ्याबाहेरच्यांची बाजू घेणाऱ्या संस्थांकडून.

४

पंडिता रमाबाई ६ मार्च १८८६ रोजी लिव्हरपूलहून समुद्रमार्गे फिलाडेल्फियास पोहोचल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभाचे, आणि निमंत्रण होते वुमन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली ह्यांचे. ११ मार्च रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. ही हकीकत महाराष्ट्रात सुपरिचित आहे. ज्या संस्थेने ही पदवी दिली तिचा पूर्वेतिहास मात्र तितकासा परिचित नाही.

स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्यासाठी १८५० साली क्वेकर सुधारकांच्या पुढाकाराने हे महाविद्यालय निघाले. कारण सरळ होते : इतर महाविद्यालयांची दारे बंद होती. प्रत्यक्ष रुग्ण पाहिल्यावाचून वैद्यक शिकता येत नाही, आणि रुग्णालये स्त्रियांना आत घेत नसत. म्हणून अ‍ॅन प्रेस्टन ह्यांच्या प्रयत्नाने १८६१ साली स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय उघडावे लागले. नोव्हेंबर १८६९ मध्ये ह्या विद्यार्थिनींना पेन्सिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील व्याख्यानास बसण्याची अनुज्ञा मिळाली, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरड करून, कागदाचे बोळे फेकून व तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकून त्यांचा अपमान केला. हे रुग्णालय म्हणजे फ्रँकलिनने सशर्त विधेयकाच्या युक्तीने उभे केलेलेच रुग्णालय होय. ‘तुम्ही दुसरी मंडळी काढा’ हे सूत्र येथे पुन्हा एकदा, आणि पुन्हा नाइलाजाने, आचरणात आले होते. ह्या महाविद्यालयाचे दार मात्र बरेच रुंद होते. १८६७ साली रिबेका कोल ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी येथून पदवीधर झाली होती. आणि आनंदीबाईंच्या काळी जपानची केइ ओकामी व सीरियाची एक विद्यार्थिनी त्यांच्यासमवेत शिकत होत्या.

रमाबाईंनी अमेरिका पाहिली ती अशा संस्थेच्या अंगणातून. ‘लोकस्थिति’ हा शब्द त्यांनी ग्रंथाच्या नावात आधी घातला व ‘प्रवासवृत्त’ नंतर, हा क्रम अर्थपूर्ण आहे. आरंभीचा समुद्रप्रवास संपल्यावर ग्रंथाची मांडणी स्थळांच्या क्रमाने होत नाही. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी कार्ये, स्त्रियांची स्थिती अशा विषयांच्या क्रमाने होते. प्रवासी ‘काय पाहिले’ हे सांगतो. रमाबाईंना ‘हे कसे चालते’ हे सांगावयाचे आहे. ह्या बाबतीत त्यांचे गद्य फ्रँकलिनच्या गद्याचे नातलग आहे. स्त्रियांनी चालविलेल्या मंडळांचे, विशेषतः वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियनसारख्या विस्तृत संघटनेचे त्यांनी कौतुकाने निरूपण केले, त्यामागेही हीच दृष्टी आहे. सत्ता नसलेल्या व्यक्ती एकत्र येऊन नियम, वर्गणी व सभा ह्यांच्या बळावर सामर्थ्य कसे मिळवितात, हे त्यांना महाराष्ट्रातील वाचकांच्या मनावर ठसवावयाचे होते.

फ्रँकलिन व रमाबाई ह्यांच्या निवेदनात मात्र एक मूलभूत भेद आहे. फ्रँकलिनचा वाचक आरंभी त्याचा पुत्र आहे व नंतर यशाची आकांक्षा धरणारा कोणीही स्वतंत्र मनुष्य. रमाबाईंचा वाचक दूरदेशी आहे, आणि त्याच्या घरात विधवा, अशिक्षित व पराधीन स्त्रिया आहेत. त्यामुळे अमेरिकेतील प्रत्येक संस्थेच्या वर्णनामागे एक न उच्चारलेली तुलना उभी असते. कित्येक समीक्षक ह्या ग्रंथात अमेरिकेची अतिप्रशंसा पाहतात. त्यात तथ्यांश आहे. पाहुण्याला घराची दर्शनी बाजू आधी दिसते, आणि रमाबाईंचे यजमान हे त्या समाजातील सुधारक होते. परंतु ही प्रशंसा आंधळी नाही. अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय, गुलामगिरीचा कलंक व ती नष्ट झाल्यावरही टिकून राहिलेला वर्णद्वेष ह्यांवर त्यांनी कठोर टीका केली आहे. स्वदेशातील जातिभेदाचा व स्त्रियांच्या दास्याचा अनुभव असल्यामुळेच परदेशातील भेद त्यांना चटकन ओळखू आला, असे म्हणावयास हरकत नाही.

रमाबाईंनी फिलाडेल्फियापासून घेतले ते केवळ निरीक्षण नव्हे. फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचे शिक्षण त्यांनी ह्याच नगरात घेतले. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक बॉडली ह्यांच्या प्रस्तावनेसह १८८७ साली येथेच छापले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यास निवर्तल्या होत्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. दहा वर्षे वार्षिक वर्गणी देण्याचे वचन देणाऱ्या मंडळांवर तिची उभारणी झाली होती. १७३१ च्या ग्रंथालयाने रूढ केलेली दीर्घ मुदतीच्या वर्गणीची पद्धत अशा रीतीने महाराष्ट्रातील विधवांच्या कामी आली. आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत शारदासदन उघडले.

येथेही उंबरठ्याचा प्रश्न टळत नाही. असोसिएशनची योजना उच्चवर्णीय विधवांपुरती होती. इंग्रजी पुस्तकाच्या नावातच ती मर्यादा स्पष्ट आहे. ज्या स्त्रीने परदेशातील वर्णद्वेष ओळखला, तिच्या पहिल्या संस्थेच्या दारावरही जातीची खूण होती. ती मर्यादा व्यवहाराची होती व रमाबाईंच्या पुढील कार्यात ती ओलांडली गेली, हे खरे. परंतु संस्था म्हटली की उंबरठा आलाच, ह्या नियमाला रमाबाईही अपवाद ठरल्या नाहीत, हे समीक्षकाने नोंदविले पाहिजे.

५

फ्रँकलिनच्या अकादमीतून कालांतराने पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ उदयास आले. ह्या विद्यापीठाने १८९६ साली नगरातील कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करण्यासाठी ड्यू बॉइसला पाचारण केले. त्याने हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळविली होती व बर्लिन येथे अध्ययन केले होते. त्याला मिळालेले पद मात्र ‘समाजशास्त्रातील साहाय्यक’ एवढेच होते. विद्यार्थ्यांना शिकविण्याचे काम त्याच्याकडे नव्हते. नगराच्या दुरवस्थेचे मूळ कृष्णवर्णीयांत आहे, अशी पूर्वकल्पना ह्या निमंत्रणामागे होती, असे त्याने नंतरच्या लेखनात सूचित केले आहे. तो सातव्या वॉर्डात पत्नीसह राहिला, घरोघर स्वतः गेला, प्रश्नावल्या भरल्या. आणि १८९९ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

फ्रँकलिनचे किस्से आणि रमाबाईंचे विवेचन ह्यांच्यानंतर ह्या ग्रंथातील कोष्टके व नकाशे वाचकाला रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ही रुक्षता भूमिकेतून आलेली आहे. संस्थापकाच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. पाहुण्याचे शब्द सौजन्याने ऐकले जातात. ज्याच्या शब्दावर आधीच अविश्वास आहे त्याला मात्र आकडे द्यावे लागतात. १७९४ मध्ये जोन्स व अ‍ॅलन ह्यांना हिशेब छापावा लागला, त्याच न्यायाने ड्यू बॉइसला प्रत्येक घर मोजावे लागले. त्याचा ‘मी’ही लपलेला आहे, परंतु तो फ्रँकलिनसारखा युक्तीने लपलेला नसून पुराव्याच्या मागे उभा आहे.

कृष्णवर्णीयांच्या संघटित जीवनावरील प्रकरण प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रार्थनामंदिर हे ह्या समाजात केवळ उपासनेचे स्थान नाही. वृत्तपत्र, करमणूक, परस्परसाहाय्य, ओळखीपाळखी, नेतृत्व ह्या सर्वांचे ते केंद्र आहे, हे तो तपशिलाने दाखवितो. बोगल, ऑगस्टिन, डॉर्सी, मिंटन आदींनी एकोणिसाव्या शतकात मेजवान्या पुरविण्याचा धंदा नावारूपास आणून जणू एक व्यावसायिक संघ निर्माण केला, त्याचा इतिहासही तो आदराने सांगतो. बाहेरून केवळ ‘समस्या’ म्हणून दिसणाऱ्या वस्तीत नियम, वर्गणी व सभा ह्यांचे फ्रँकलिनी जग नांदत होते, हा त्याच्या ग्रंथाचा मोठा शोध म्हणावा लागेल.

वर्णद्वेषाच्या प्रकरणात त्याची लेखनपद्धती आणखी एक वळण घेते. तेथे तो निनावी व्यक्तींची उदाहरणे एकापाठोपाठ एक, कोणतेही भाष्य न करता, मांडीत जातो. त्यांतील एक माणूस पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचा यंत्रशास्त्रातील पदवीधर होता. गुणवत्तेच्या बळावर त्याला नोकरी मिळाली. काही तासांनी तो कृष्णवर्णीय असल्याचे ध्यानात आले व त्याला काढून टाकण्यात आले. आणि पुढे तो युनिव्हर्सिटी क्लबात वाढप्याचे काम करू लागला. फ्रँकलिनच्या अकादमीने ज्याला शिकविले, तो तिच्या पदवीधरांच्या पंगतीत वाढू शकत होता, बसू शकत नव्हता. ड्यू बॉइस ह्यावर एकही विशेषण खर्च करीत नाही, आणि म्हणूनच हा परिच्छेद विसरता येत नाही.

ह्याचा अर्थ ग्रंथ निर्दोष आहे असा नव्हे. सातव्या वॉर्डाच्या नकाशात त्याने घरांची चार वर्गांत विभागणी केली असून सर्वांत खालच्या वर्गाला दुर्वृत्त व गुन्हेगार असे नाव दिले आहे. येथे तो स्वतःच उंबरठा आखतो. सुशिक्षित, सदाचारी कृष्णवर्णीयाला न्याय मिळवून देण्याच्या भरात तळाच्या माणसाविषयी त्याचे शब्द तत्कालीन सुखवस्तू नीतिकल्पनांच्या आहारी जातात. तरीही त्या तळाच्या स्थितीची कारणे गुलामगिरी, स्थलांतर, रोजगारबंदी व भाड्याची घरे ह्यांत शोधण्याचा मार्ग त्यानेच दाखविला. विद्यापीठाने त्याला मरणोत्तर सन्माननीय प्राध्यापकपद दिले ते २०१२ साली; ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा एकशे तेरा वर्षे लोटली होती.

६

तिन्ही ग्रंथ एकत्र वाचल्याने काही निष्कर्ष हाती येतात. पहिला वाङ्मयप्रकाराविषयी. एकाच नगराविषयी लिहिताना किस्सा, लोकस्थितीचे निरूपण व पाहणी ही तीन रूपे स्वीकारली गेली. लेखकाची वैयक्तिक आवड हे त्याचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही. वाचकाकडून त्याला मिळणारा विश्वासही विचारात घ्यावा लागतो. शैलीचा विचार करताना ह्या विश्वासाचा विचार आपल्याकडे सहसा होत नाही, तो व्हावयास हवा.

दुसरा निष्कर्ष फ्रँकलिनच्या मूल्यमापनाविषयी. त्याचे आत्मचरित्र यशस्वी व्यापारी वृत्तीचे स्तोत्र म्हणून निकालात काढण्याची प्रवृत्ती विसाव्या शतकात बळावली. उलटपक्षी त्याला निर्दोष नागरिक म्हणून पूजणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. लेखकाची दृष्टी जेथे थांबली तेथे त्याने सांगितलेली पद्धती थांबली नाही. कृष्णवर्णीयांची प्रार्थनामंदिरे, स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे शारदासदन ह्या सर्वांनी तिच्यासारखीच रीत अवलंबिली, आणि बहुधा फ्रँकलिनच्या वारसांनी दार बंद केल्यामुळे अवलंबिली. ह्या वारशाचे थोरपण व त्याची त्रुटी ही एकाच ठिकाणी आहेत.

तिसरा निष्कर्ष मराठी अभ्यासकांना अधिक जवळचा आहे. रमाबाईंच्या ग्रंथाचा उपयोग आजवर बहुधा त्यांच्या चरित्राचे साधन म्हणून झाला, किंवा मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासातील एक आरंभीचा टप्पा म्हणून त्याची नोंद घेतली गेली. फ्रँकलिन व ड्यू बॉइस ह्यांच्यामध्ये ठेवून वाचला असता तो समाजसंस्थांच्या तुलनात्मक चिकित्सेचा मराठीतील एक समर्थ ग्रंथ म्हणून दिसू लागतो. त्यातील अमेरिका खरी किती व आदर्श किती, हा प्रश्न राहीलच. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, एखादा समाज पाहताना त्याची शिखरे पाहावीत की त्याची दारे. रमाबाईंनी दारांकडे पाहिले, आणि परतताना वर्गणीच्या याद्या बरोबर आणल्या. मराठी प्रवासवाङ्मयाच्या पुढील इतिहासात ही दृष्टी कितपत टिकली, ह्याचा शोध स्वतंत्रपणे घेण्याजोगा आहे.